ही रवाची नाय

आरोंद्याला दोन रात्रींचे पैसे भरून गेले होते,
चार राहिले.

खोली साधीच. फिनेलचा वास,
उशीच्या अभ्र्यावर भरतकामाचा मोर,
त्याचा एक डोळा उसवलेला.
खिडकीत तेरेखोल,
भरतीला उलटी, डोंगराकडे निघालेली.

शेवंताबाई आरोलकर वाढताना बोलत नाहीत.
ओल्या काजूची उसळ, तिरफळं घातलेले बांगडे,
कालवं, खडकाची चव अजून न सोडलेली.
मग पदराला हात पुसत दारात थांबतात
माझ्या पहिल्या घासाकडे बघत,
निकाल माझ्याच तोंडात असल्यासारखा.

रात्री गुणाजी भट्टीवरून आले.
अंगाला बोंडांचा आंबूस दर्प,
हातात सरबताची जुनी बाटली, तीत हुर्राक.
मी विचारलं, किती वर्षांची?
(कुठेतरी वाचलं होतं, जुनी तितकी चांगली.)
ते हसले. "परवाची.
पावसाआदी संपवूक व्हयी. ही रवाची नाय."

तो दर्प पहिल्या दिवशी नकोसा होतो.
तिसऱ्या दिवशी
वारा फिरला तेव्हा मी उठून
ओटीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसले, त्याच्यामागे.

निघताना वही पुढे आली. अभिप्राय.
माझ्या वर कुणी लिहिलेलं: छान. रेंज नाही.
मी पेन उघडून बसले बराच वेळ.

शेवंताबाई पहिल्यांदाच आपणहून बोलल्या,
रिक्षा सुरू झाल्यावर:
"पयल्या दिसा बांगड्यात मीठ कमी होता मा?"

होतं, मी म्हटलं.

"माका वाटलाच," म्हणाल्या,
आणि चार दिवसांत पहिल्यांदा
दाराला टेकल्या.