मापांची वही

मनामाच्या सुकात, सोनारांच्या गल्लीला लागून
माझं दुकान. सहा फूट रुंद, एक आरसा, दोन मशिनी
आणि मापांच्या वह्या, एक्क्याण्णवपासूनच्या.
गाण्यातलं मला कळत नाही. खांद्यातलं कळतं.

नव्व्याण्णवच्या फेब्रुवारीत पाच पोरं आली,
शाळेचं गॅदरिंग होतं.
हातात कॅसेटचं कव्हर, घामानं मऊ पडलेलं.
त्यावर पाच गोरे तरुण समुद्राकडं पाठ करून,
वारा नेमका त्यांच्याच शर्टांत शिरलेला.
"मास्टर, अस्संच. पांढरं. सैल."
मी म्हटलं, सैल पांढरं इथं गावभर घालतात,
थोब म्हणतात त्याला.
कुणी हसलं नाही. मामला गंभीर होता.

वहीत लिहिलं:
जोजी, छाती चौतीस, केसांना इतकं जेल की टेप चिकटली.
रेनान्ते, आई सलमानियात नर्स; पाय लांब दिसायला हवेत.
यूसुफ, मुहर्रकचा, आजोबांना सांगायचं नाही.
ग्लेन, मडगाव.
पाचवा आपल्याकडला, चिपळूणचा, श्रीरंग खातू,
छाती तेहतीस, मान खाली.
याला मध्ये उभा करणार नव्हते, हे कापडालाही कळलं असतं.

पाच कशाला, मी विचारलं, गाणं तर एकच.
जोजीनं बोटं मोडून सांगितलं:
एक गोड, एक वांड, एक थोरल्या भावासारखा,
एक लाजरा,
आणि एक असा की ज्याचं नाव कुणाला आठवत नाही
पण तो नसला तर फोटो वाकडा दिसतो.
"मग मुली आपापला वाटून घेतात. भांडण नको."

तेव्हा गुदैबियाच्या खोलीत आम्हीही पाचच होतो.
एक डाळ करणारा, एक बाकीच्यांची पत्रं लिहून देणारा,
एक रात्री भिंतीकडं तोंड करणारा.
आम्हाला कुणी वाटून घेतलं नव्हतं.

कार्यक्रमाला मी सुई-दोरा खिशात घेऊन गेलो.
पडदा सरकला आणि पोरींनी अशी किंकाळी फोडली
की मला वाटलं, आग लागली.
मागं उभा राहून बघितलं तर
गाणं कुणाच्याच कानावर पडत नव्हतं.
घरी जोरात हसायलासुद्धा बंदी असलेल्या त्या मुली
एकमेकींचे हात घट्ट धरून
स्वतःचा आवाज केवढा आहे ते बघत होत्या.

मग कव्हरं बदलली. कमरेला साखळ्या आल्या.
पँटी इतक्या आवळल्या की बसायची सोय राहिली नाही.
अलीकडं कोरियाची सात पोरं, फिकट गुलाबी कोट,
अस्तराला फुलं; तीही फोनवर दाखवतात.
नावं मी लक्षात ठेवत नाही.
एवढं कळतं की थोड्या वर्षांनी त्यातला एक
एकटा गायला निघतो,
आणि माझ्याकडं येणारी पोरगी आठवडाभर काळं नेसते.

मागच्या नोव्हेंबरात श्रीरंग आला. टक्कल, बँकेचं ओळखपत्र गळ्यात.
"मास्टर, पंचवीस वर्षं झाली. परत उभे राहणार आहोत.
आमची मापं असतील?"
वही काढली. तेहतीस.
दोघांनीही त्या आकड्याकडं बघून न बघितल्यासारखं केलं.
आता बेचाळीस.

ग्लेन टोरोंटोला. व्हिडिओवर माप द्यायला बसला,
हातात सुताराची लोखंडी टेप.
कंबर दिली, बाही दिली, खांदा काही जमेना.
स्वतःचा खांदा स्वतःला मोजता येत नाही, बाबा,
कुणाला तरी हाक मार, म्हटलं.
तो जरा थांबला. "घरी कुणी नाही, मास्टर."
मग जुन्या वहीतूनच घेतला. माणसाचं पोट सुटतं,
खांदा फारसा हलत नाही.
आत दीड इंच माया सोडली,
सगळ्यांच्याच.

ट्रायलला श्रीरंग आरशासमोर उभा राहिला.
आरसा एका माणसाचा.
तरी तो सवयीनं डावीकडं सरकला,
चौघांना जागा ठेवून.
मी म्हटलं, हलू नकोस. टाचणी आहे.