तीन ओळींची जागा

पाद्रीबाबा आमच्या बेटावर वर्षातून दोनदा येतात,
तेही समुद्राच्या मनात असेल तर.
या खेपेला येताना कास्त्रोहून छापील फॉर्म घेऊन आले.
नाव. वय. बाप्तिस्म्याची तारीख.
आणि तळाशी, ठळक अक्षरांत :
आपल्या जीवनातील ख्रिस्ती सेवाकार्य थोडक्यात लिहा.
खाली तीन ओळी, पट्टीने आखलेल्या.

मी एदुविना. शाळेची होडी चालवते.
फॉर्म घडी करून इंजिनाच्या झाकणाखाली ठेवला,
तेलकट फडक्याशेजारी.

पहाटे पावणेसहा. चिलोएतला जुलै,
हाताला हात दिसत नाही.
इंजिन पहिल्या झटक्याला कधीच सुरू होत नाही.
आधी मी त्याला शिव्या घालते,
मग क्रुसाची खूण करते,
मग पुन्हा दोरी ओढते.
यातलं नेमकं काय लागू पडतं, प्रभूच जाणे.

माझे वडील गावचे फिस्काल होते.
पाद्री नसताना मेलेल्यांसाठी तेच प्रार्थना म्हणायचे,
लाकडी देवळात, ओल्या लोकरीच्या वासात.
त्यांना असा फॉर्म कुणी दिला नाही.
दिला असता तर त्यांनी त्याच्यावर
बटाट्याच्या पोत्यांचा हिशेब मांडला असता.

पहिला धक्का : ग्रिसेल्दा आणि तिचा धाकटा,
दोघांत एक टोपी, आळीपाळीने.
दुसरा धक्का : नाऊएल्किनांची तिघं,
नाक पुसायला माझीच बाही.
तिसरा धक्का : ओयार्सोचा मुलगा.
तो अजून आलेला नसतो.

ओयार्सो सामन माशांच्या पिंजऱ्यांवर मुकादम आहे.
माझा भाऊ रेमिहियो तिथे पाणबुड्या होता.
दिवस मावळत आला होता,
तीनदा खाली जाऊन आला होता रेमिहियो.
‘जाळं फाटलंय, अजून एकदा जा,’
असं म्हणाला ओयार्सो.
तेव्हापासून रेमिहियोचा डावा पाय
त्याचं ऐकत नाही.
तो चुलीपाशी बसून बटाटे सोलतो,
साल इतकी पातळ काढतो की आरपार दिसतं.
रविवारी प्रार्थनेत क्षमेची ओळ येते
तेव्हा मी खोकते.
दरवेळी तिथेच खोकला येतो.

तर, ओयार्सोचा मुलगा.
आई पुएर्तो माँतला निघून गेलेली, बाप रात्रपाळीला.
पोरगा स्वतःच उठतो, स्वतःच बुटाची नाडी बांधतो,
आणि रोज उशीर करतो.
मी शंभरपर्यंत मोजते.
तेवढंच ठरवलंय मी. त्यापुढे माझी जबाबदारी नाही.

त्या दिवशी धुकं गोठून बसलं होतं.
रेमिहियो रात्रभर कण्हत होता.
मी ऐंशीला दोर सोडला.

धक्का दिसेनासा झाला,
आणि मागून लाकडी फळ्यांवर बुटांचा आवाज आला,
धावता, मग थांबलेला.
पोरं काहीच बोलली नाहीत.
ग्रिसेल्दाने टोपी भावाच्या डोक्यावरून काढली
आणि स्वतःच्या मांडीवर ठेवली, बस.
मी होडी वळवली.
डिझेल महाग आहे हे मी मोठ्याने म्हणाले,
कुणाला ते माहीत नाही.

पोरगा चढला. ओला. पुढच्या फळीवर बसला.
बऱ्याच वेळाने म्हणाला,
‘आज तुम्ही ऐंशीलाच थांबलात.’

मला वाटायचं मी मनात मोजते.
धुक्यात पाण्यावरून आवाज किती लांब जातो
हे इतक्या वर्षांत माझ्या ध्यानात आलं नव्हतं.
घराच्या दारातून ऐकत यायचा तो,
माझ्या आकड्यांवर पावलं टाकत.

संध्याकाळी फॉर्म काढला. अर्ध्यावर तेल पसरलेलं.
पहिल्या ओळीत लिहिलं : शंभरपर्यंत मोजते.
मग खोडलं.
खालच्या दोन ओळी कोऱ्या आहेत,
तेल लागल्यावर तिथे शाई उमटत नाही.

पाद्रीबाबा सप्टेंबरात येतील, वारा पडला तर.
उद्या डिझेल भरायचंय.
आणि मोठ्याने मोजायचंय,
जरा सावकाश.