सातव्या खांबाची जागा

लेफ्कादा. बंदरामागची तिसरी गल्ली,
जिथे दोन माणसं समोरासमोर आली
तर एकाला कुणाच्या तरी दारात शिरावं लागतं.
माझ्या हातात फळी, फळीवर तक्ता,
तक्त्यात अकरा रकाने.
पहिला सोपा: मजले किती.
दुसरा: भिंत कशाची.
खाली दगड, वर लाकूड, आणि लाकडाला बाहेरून
पत्र्याचा अंगरखा, फिकट हिरवा,
खाऱ्या वाऱ्यानं काठाशी कुरतडलेला.

हातोडीच्या दांड्यानं मी भिंत वाजवते.
भरीव असली की ती नुसतं 'हं' म्हणते,
पोकळ असली की जरा जास्तच बोलते.
ही बोलते.
कोपऱ्यातली चीर वर जाता जाता रुंदावलीय,
माझी पट्टी तिच्यात शिरून येते.
लिहिते: चार मिलिमीटर.

"गुण किती पडले?" झोइत्सा व्लासी विचारते,
हात पिठाचे, चष्मा कपाळावर.
बेरीज व्हायचीय अजून, मी म्हणते.
"शाळेतही असंच सांगायचे."

आत, भिंतीपासून वीतभर सुटे,
लाकडी खांब उभे आहेत.
रोजचा भार दगड वाहतो,
यांना तसं काम नाही, म्हणून घरातली
सगळी कामं यांच्याच गळ्यात:
लसणाची वेणी, मोडकी छत्री,
नातवाचा पोहायचा चष्मा.
ज्यांनी हे बांधलं त्यांचा भिंतीवर भरवसा होता,
आंधळा नव्हता.
ढासळले दगड तर ढासळू देत, म्हणाले असतील,
वरचं बिऱ्हाड दुसऱ्या पायांवर तग धरेल,
भिंत काय, मागाहून सावकाश रचता येते.

मी मोजते. सहा.
वर तुळईकडे बघत पुन्हा मोजते.
अंतरं सांगतात, सात हवेत.

झोइत्सा दार लोटून घेते.
जुनं लफडं कबूल करावं
तशा आवाजात म्हणते,
"स्टाथिसनं कापला. सत्त्याऐंशी साली.
आइसक्रीमचा फ्रीझर दारातून आला
पण कोपऱ्यात मावेना.
एक उन्हाळा धंदा झाला बरा.
पुढे तो मोठा हादरा आला ना, ऑगस्टातला,
तेव्हा फ्रीझरला मिठी मारून उभा होता,
ओरडत होता, हा बघ माझा खांब!"
मग घाईनं सांगते,
"तो गेला पोटाच्या दुखण्यानं. भूकंपानं नाही."
माझ्या रकान्यांत गोंधळ नको म्हणून.

रकाना नववा: मूळ रचनेत बदल.
नाही, किरकोळ, गंभीर.
'एका उन्हाळ्यापुरता' असा पर्याय नाही.
मी गंभीरवर खूण करते
आणि बेरीज एकदम घसरते.

"मग झोपू कुठे? वर की खाली?"
वर. वर हलकं आहे, लाकूड झुलतं, सहसा तुटत नाही.
"माझे गुडघे खाली झोपतात," ती म्हणते,
"मला त्यांच्याबरोबर राहावं लागतं."

स्टुलावर चढून मी टॉर्च मारते.
फ्रीझरच्या बरोब्बर वर, तुळईच्या पोटात
एक चौकोनी खाच.
बोट घालते. धूळ, कोळ्याचं जाळं,
आणि आत पटाशीच्या कडा
अजून तितक्याच धारदार.
"काय सापडलं?" खालून.
जागा.
"कसली?"
मला नीट सांगता येत नाही.

ती थोडा वेळ वर बघत राहते.
मग वाकते, फ्रीझरचं बटण बंद करते.
इतकी वर्षं चाललेली घरघर थांबते
आणि घर आपलेच कान टवकारतं.
"मटार आजच संपवायला हवेत.
अरेती, तू जेवूनच जायचं.
आणि सुतारासाठी माप लिही. त्या कागदावर नको,
तो तुम्ही घेऊन जाल. इथे."

मी पिठाच्या पिशवीवर लिहिते:
सायप्रस. वाळलेलं. बारा बाय बारा.
खाली दगडाची बैठक, लाकूड ओलीला टेकू नये.
भिंतीपासून वीतभर.

चष्मा नाकावर ओढून ती वाचते.
"वीत कुणाची?"
आणि उत्तराला न थांबता गुडघे धरत खाली बसते,
फरशीवर पंजा ताणते.
पांढरी वीत उमटते.