उतार

साठ खुर्च्या मांडल्या, आलेत एकवीस.
मी बाविसावा, पण मला कुणी धरत नाही.
शाळेचा शिपाई मी, किल्ल्या माझ्याकडे.

आमच्या बितोममध्ये हल्ली खुर्च्या उरतातच.
जूनमध्ये ही शाळाही बंद होणार;
मग ही व्यायामशाळा कुणाची, कोण जाणे.

पडद्यावर पाच पांढऱ्या इमारती.
प्रत्येक बाल्कनीत एक झाड, एक बाई,
बाईच्या हातात कप.
सगळीकडे तीच बाई. मी मोजली, अठरा वेळा.
कंपनीचा पोरगा क्राकुफहून आलाय,
बूट इतके स्वच्छ की आमच्या रस्त्यानं
तो चालत आलेला नाही एवढं नक्की.
"एकशे चाळीस घरं," तो म्हणतो. "तरुण कुटुंबं येतील."

"कुठून?"
रिशार्दाबाईंनी चाळीस वर्षं औषधाचं दुकान चालवलं,
खोकल्यावरून माणूस ओळखायच्या.
"आमच्या जिन्यावर अकरा घरं, आठांना कुलूप.
आधी ती भरा."

"भरा म्हणे! सहा नंबरच्या न्हाणीत बर्चचं झाड उगवलंय.
कोण राहणार तिथं, चिमण्या?"
ही मिलेना, मांडीवर पोर.
"मला भेग नसलेली भिंत हवी, बास.
रात्री मी भेगेत ह्याचे मोजे कोंबते.
सकाळी मोजे थंडगार,
तेच मग ह्याच्या पायात."

यावर कुणाला काही सुचलं नाही.

मग गेरार्ड उठला.
त्याला उठायला वेळ लागतो, बोलायला त्याहून जास्त.
"तुम्ही जिथं पार्किंग दाखवलंय
तिथं माझा मळा आहे. मळा कसला, चार वाफे.
लाल करंटची सात झुडपं.
आणि त्यांच्या खाली मी आहे."
मागं कुणीतरी हसलं.
"म्हणजे होतो. एकोणीस वर्षं, साडेचारशे मीटर खोल.
कोळसा वर पाठवला, पोकळी तिथंच ठेवली.
तुम्ही वर मजले चढवा,
खालचे मजले आम्ही आधीच बांधलेत."

"पगार खाल्लास, पेन्शन खातोस,"
हुबेर्ट तिथूनच ओरडला, "शहर पोखरलंत तुम्ही,
आणि आता आमच्या पोरांना घर मिळायची वेळ आली
तर तुझी झुडपं आडवी!"
हुबेर्ट गेरार्डचा सख्खा भाचा.

पोरगा म्हणाला, जमिनीची तपासणी झालीय, अहवाल आहे.
अहवाल आमच्याकडेही असतात.
पालिकेचा माणूस येतो, भेगेवर काचेची पट्टी चिकटवतो.
काच तडकली की वहीत लिहितो,
नवी पट्टी लावतो.
पायाखालची जमीन सरकली असं लोक सहज बोलून जातात;
इथं तिचा हिशेब असतो, मिलिमीटरमध्ये.

भांडण ऐन रंगात असताना
मांडणीवरचा एक बास्केटबॉल सुटला.
टप्प टप्प, मग नुसता घरंगळत
खुर्च्यांच्या रांगांमधून निघाला.
रिशार्दाबाईंनी बोलता बोलता पाय उचलले.
हुबेर्टनं उचलले. गेरार्डनं काठी उचलली.
खाली कुणीच पाहिलं नाही.
फक्त तो पोरगा वाकला, चेंडू अडवला,
नीट जमिनीवर ठेवला आणि हात काढला.
चेंडू पुन्हा निघाला.
मिलेनाचं पोर खदखदून हसलं.

मतदान झालं. नऊ बाजूनं, नऊ विरुद्ध, तिघं गप्प.
पुढची सभा महिन्यानं, शाळा असली तर.

खुर्च्या आवरताना पोरगा माझ्याजवळ आला,
वायर गुंडाळत, जरा हळू आवाजात:
"चेंडू नेहमी त्या खिडकीकडच्याच कोपऱ्यात जातो?"

"छे," मी म्हणालो.
"दोन वर्षांपूर्वी दाराकडे जायचा."