दहापैकी

वही बियाण्याच्या कंपनीची, फुकटात मिळालेली,
वर कपाशीचं फुटलेलं बोंड.
आत मी गुण देते.

दारव्हा रोड, फाट्यावरचं हॉटेल न्यू संतोष
(जुनं संतोष कुठे होतं, कोणालाच ठाऊक नाही):
पोहे कोरडे, पण तर्री अशी
की पहिल्याच घासाला कुंडलिकचं नाक वाहू लागलं
अन् तो म्हणाला, "आता जमलं, बाप्पा."
प्लेटीत हरभरे मोजून सात.
सात गुण. हरभऱ्यामागे एक.

बसस्टँडच्या मागे आलूबोंडा.
तळणाऱ्याचा हात चांगला, तेल परवाचं.
चटणी चाटून निशादने मिरचीचं गाव ओळखलं:
भिवापूर, म्हणाला, शपथेवर.
आम्ही थेट मालकालाच विचारलं.
मालक म्हणाला, "किराण्यातली."
निशाद अजून त्या बोंड्याचं नाव काढत नाही.
पाच.

पत्र्याच्या शेडमध्ये पाटोडीचा रस्सा,
काळा, उन्हाळ्यातल्या विहिरीसारखा,
तळाशी काय आहे दिसू न देणारा.
पाटोड्या चार, आम्ही पाच.
पाचवी मागितली तर पोऱ्या म्हणाला, "थ्या मोजूनच येतात."
बेबीनंदाने आपली मोडून अर्धी मधोमध ठेवली
आणि ती अर्धी
ताटं उचलेपर्यंत तिथेच राहिली,
सगळे एकमेकांना घे घे म्हणत राहिले.
याला किती द्यायचे कळलं नाही.
रकाना कोरा आहे.

सुगत गुण देत नाही.
विचारलं की "ठीक हाय."
डाळ करपलेली असो, वांगं लोण्यासारखं असो,
तेच दोन शब्द, मग पेला पालथा.
आमचं ठरून आठ महिने झाले.
त्याच्या नावाचं एक पान केलंय मी:
मीठ — सांगत नाही.
तिखट — सांगत नाही.
गोड — हसला.

मागच्या रविवारी जिनिंगसमोर, देवकाबाईच्या खानावळीत
झुणका, ज्वारीची भाकर, ठेच्यावर कच्चं तेल.
मी वही उघडली. भाकर एका बाजूने जाड, लिहिलं.
पदराला हात पुसत ती आली.
"काय लिवतं व माय? उधारी?"
सांगितलं. तोंडातल्या सुपारीसकट हसली,
बाकावर बसली, आमच्यात.
"मंग आता मी सांगतो, तू लिव.

हा, रस्सा तीनदा मांगते
अन् पैशाच्या टायमाले हात धुवाले जाते. तीन.
हा मिरचीवाला, बोलते जास्त, चाऊते कमी. चार.
हे पोरगी भाकरीचे काठ ठेवते,
काठ थापाले किती येळ लागते, तिले काय मालूम. पाच.
तू गरम भाकर थंडी करतं
अन् मंग लिवतं, थंडी होती. दोन."

कुंडलिक ठसकला. मी लिहीत होते,
खाली मान घालून, सगळं, दोन सुद्धा.

मग ती सुगतकडे बघत थोडी थांबली.
"हा तू सुरू केल्याबिगर घास नायी मोडत.
कांद्याचा मधला गाभा तुह्या ताटात टाकते,
वरची सालटं सोता खाते.
अन् याले झुणका आवडत नायी. दर टायमाले खाते."
"किती द्यायचे मग?"
"याले कायले गुण?
थो का परीक्षेले बसला?"

सुगतचे कान लाल. "ठीक हाय," म्हणाला,
कोणाला, ते कळलं नाही.
चारशे वीस झाले.
कुंडलिक हात धुवायला निघाला होता,
देवकाबाईने तांब्याच उचलून नेला.

परतताना गाडीवर मी मागून विचारलं,
मग आवडतं तरी काय तुला?
बाजूने कापसाचा ट्रक गेला, वारा होता,
मला भरीत ऐकू आलं, नाहीतर परत.
घरी येऊन दोन्ही लिहून ठेवलं.