कच्चा लाल

वेणुगोपाळ टॉवेलांचे नमुने घेऊन ल्योंला गेला होता,
येताना एक बाटली घेऊन आला.
"काका, भारी नाही हां. तिकडची रोजची आहे.
सहा युरो. आपल्या दोन टर्किश टॉवेलांत बसते."
लेबल वाचून दाखवलं : बोजोले.
नावातच बोजा, मी म्हटलं.
"पिऊन बघा. अंगावर काही पडत नाही."

मे महिना. विडी घरकुलातली आमची गच्ची,
रात्री नऊलाही फरशीवर अनवाणी उभं राहवेना.
नळ परवा येऊन गेलेला, पुढचं पाणी चार दिवसांनी,
तरी नागमणीनं अर्धा तांब्या खर्चला,
सेकंडचा एक टॉवेल भिजवून बाटलीला गुंडाळला
तापातल्या पोराला गुंडाळतात तसा,
आणि टाकीच्या आडोशाला, वाऱ्याच्या तोंडी ठेवली.
ही लाल थोडी गार लागते म्हणे.
फार नाही. माठाइतकी.

काचेचे पेले दोनच निघाले, तेही दोन जातींचे.
तिसरा स्टीलचा, तो वेणूनं बाजूला सारला :
रंग दिसायला हवा.

रंग म्हटल्यावर मी पुढे सरकलो.
एकतीस वर्षं डाइंग मास्तर,
अक्कलकोट रोडचे तीन कारखाने पाहिले,
लाल मला कोण शिकवणार?
पांढऱ्या टॉवेलावर पेला तिरका धरला.
मधे डाळिंबाचा दाणा,
कडेला तिसऱ्या धुण्याचं पाणी.
पलीकडचं बोट दिसत होतं, नखासकट.
"वेणू, शेड उतरलीय. हा कच्चा लाल.
असा लॉट मी परत पाठवला असता."
"कच्चाच असतो, काका. पातळ सालीचं द्राक्ष.
ही वर्षानुवर्षं ठेवायची नाही. आली की प्यायची."

मग वास.
नाक पेल्यात घातलं, आणि काहीच नाही.
हायड्रो, कॉस्टिक, अ‍ॅसिटिक :
माझ्या नाकाची गिरणी केव्हाच बंद पडलीय,
भोंगासुद्धा वाजत नाही.
तरी मी मान हलवली, जाणकारासारखी.

नागमणी नको नको म्हणत होती.
हजार विड्या देऊन आलेली, बोटं अजून पिवळी.
मग घेतला पेला, दोन्ही हातांनी,
आणि ओठांशी नेण्याआधी थांबली.
"टेंभुर्णीची पानं रात्री भिजवून
पहाटे तरट सोडतो ना आपण,
तेव्हा पहिला वास येतो, तो आहे यात.
मग जांभूळ. पिकलेलं नाही,
पोरं दगड मारून पाडतात ते.
आणि तळाला माठ. नवा.
पहिल्या दिवशीचा."

वेणू फोनवर काहीतरी वाचून दाखवणार होता,
त्यानं फोन खिशात घातला.

चाळीस वर्षं तंबाखूच्या धुळीत बसलेलं नाक.
मी धरून चाललो होतो
की तेही माझ्यासारखंच गेलं असेल.
विचारलं कधीच नव्हतं.

तिनं घोट घेतला. डोळे मिटले.
"आंबट आहे. पण भांडत नाही."
कडक भाकरीचा तुकडा मोडला,
तेल सुटलेली शेंगाचटणी, वर आणखी एक घोट.
"चटणी पुढे पळते,
ही मागून दार लावत येते."
आणि मग, बागुंदी.
हा शब्द ती फुकट देत नाही,
माझ्या आईलाही अकरा वर्षांनी मिळाला होता.

मी दुसरा घोट तिच्या शब्दांना धरून घेतला.
पान नाही. माठ नाही.
जांभळाचं काहीतरी, जिभेच्या कडेला,
किंवा ती म्हणाली म्हणून.

उरलेल्या बाटलीला बूच दाबलं.
उद्यापर्यंत टिकेल, वेणू म्हणाला, परवा नाही.
टॉवेलावर थेंब सांडलेला,
सवयीनं साबण लावून चोळत बसलो.
तांब्या संपत आला, डाग तिथंच.
नागमणी जिन्यावरून खाली उतरता उतरता :
"कच्चा म्हणालात ना, मास्तर?
मग पाणी कशाला घालवताय?"