थंड पेटीची वही

अब्बांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला
तेव्हा जमातीची वही माझ्याकडे आली.
वाळपईला मी मराठी शाळेत शिकले, म्हणून ती मराठीत.
वर्गणी उर्दूत गोळा होते, भांडणं कोंकणीत,
आणि चोर्ल्याचा घाट उतरून मौला नदाफ आला
की चिल्लर मोजताना कानडीही शिरते.

त्या वर्षी पैसे उरले.
कुणी म्हणालं मिनाराला रंग, कुणी नवा भोंगा.
हसनसाब करोल, चाळीस वर्षं कबरी खणलेला माणूस,
म्हणाले, शवपेटी घ्या. विजेवर थंड राहणारी.

सगळे हसले.
आम्हाला कशाला? आमचं मयत असरच्या आत मातीत.
आम्ही थांबत नाही.

आपण थांबत नाही, हसनसाब म्हणाले,
शेजारी थांबतात.
कायतानची आई आठवा.
धाकटा जहाजावर, कुठल्या समुद्रात कोण जाणे,
तीन दिवस म्हापशाहून लाद्या आणल्या,
मासळीबाजारातल्या.
त्या बर्फाला बांगड्याचा वास होता
आणि अख्खा वाडा तो वास घेत
मान खाली घालून उभा होता.

मग कुणी हसलं नाही.

पेटी बेळगावहून आली, मौलाच्या टेम्पोतून.
भाडं नको म्हणाला, डिझेलचे घेतले.
बांद्याच्या जमातीने स्टॅबिलायझर दिला.
नाक्यावर पोलिसाने टॉर्च मारून विचारलं, आत कोण?
मौला म्हणाला, अजून कुणी नाही.

ठेवायची कुठे, यावर महिना गेला.
ओसरीत जागा नाही, कपेलाची खोली गळकी.
शेवटी सोमा गावसच्या काजूच्या गोदामात,
किल्ली आमच्या खिळ्याला.
रात्री दार वाजलं की अम्मी आधी किल्ली काढते,
मग विचारते, कोण गेलं?

वीजबिलापोटी पन्नास रुपये, हसनसाबनी ठरवलेले.
फुकटचं माणसाला टोचतं, म्हणायचे.

फिलोमेना फुर्तादो, दोन रात्री, मुलगा कुवेतहून.
दत्ताराम पर्येकार, एक रात्र, लेक पुण्याहून.
दोडामार्गचा एक, नाव लिहायचं राहिलं;
पेटी परत आली तेव्हा तळाशी झेंडूची पाकळी.
पेटी धुतली. पाकळी या पानात आहे.

सगळंच गोड झालं असं नाही.
एका घराने दारातून परत पाठवली, त्यांची म्हणून.
तेही लिहिलंय. घराचं नाव खोडलं, तारीख ठेवली.
आमच्यातल्या एकाने वर्गणी थांबवली:
पोरींची फी थकलीय, आणि मेलेल्यांना गारवा?
त्याचं चुकत नव्हतं.
पुढल्या साली आधी अकरा जणींची फी गेली,
मग कॉम्प्रेसर दुरुस्त झाला.

श्रावणात हसनसाब गेले, मगरिबच्या सुमाराला.
रशिदा, त्यांची एकुलती, धारवाडला,
आणि घाटात दरड.
जमात बसली. थांबायचं की नाही,
दोन्ही बाजूंनी हदीस निघाल्या, आवाज चढले.
मौलवीसाहेब खूप वेळ बोललेच नाहीत.
मग म्हणाले, फजरपर्यंत. त्यापुढे एक क्षण नाही.

सोमाने गोदाम उघडून प्लग लावला,
पोती बाजूला ओढली.
कबर खणणाऱ्याची कबर कोण खणणार
हे कुणी विचारलंच नव्हतं.
कंदील घेऊन गेलो तर कायतान कमरेएवढा आत,
खाली जांभा लागलेला, पहार ठिणग्या काढत होती.
आमची दोन पोरं वर माती ओढत होती.
किबला कुठे, एवढंच त्याने विचारलं.

मौलाने रशिदाला दरडीपर्यंत आणलं.
पुढे ती चिखलातून चालत आली, चपला हातात.
अजानीआधी दहा मिनिटं.

हसनसाब करोल, वाळपई. नऊ तास.

दफन झाल्यावर कायतानने ओल्या खिशातून
पन्नासची नोट काढली, वहीवर ठेवली,
आणि पावती मागितली.
कुणाच्या नावे, म्हणून मान वर केली
तर तो नळावर गेला होता, पहार धुवायला.